साळवेबाई आणि निवळलेली टाकी

साळवेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मुरघास खात होत्या. खात होत्या म्हणजे काही ताट वाढून बसल्या नव्हत्या. चिमूटभर कुट्टी दाढेखाली धरून, डोळे मिटून उभ्या होत्या. समोर जामखेडकडचा एक शेतकरी प्लॅस्टिकची पिशवी धरून निकालाची वाट बघावी तसा ताटकळत होता. मी त्या दिवशी नागापूर एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. लॅबच्या ज्या मुख्य बाईंना भेटायला मला पाठवलं होतं त्याच जनावरांचा चारा चघळताहेत हे बघून, मी ज्या केडगावच्या रिक्षाने आलो ती अजून फाटकात असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

बाईंनी चिमूट बाहेर टाकली, चूळ भरली आणि म्हणाल्या, "खड्डा एका दिवसात भरला नाही तुम्ही."

"येकाच दिसात भरला की, बाई."

"दोन दिवस लागले. मधे उघडा राहिला."

शेतकऱ्याने टोपी मागे सरकवली. "कुट्टीचं मशीन बिघाडलं हुतं. पर त्ये तुमाला कसं कळलं?"

"तुमच्या म्हशीला कळतं ते मला कळू नये?"

मग माझ्याकडे वळून, माझं नाव-गाव काही न विचारता, पिशवी माझ्यापुढे धरली. "घ्या वास. इथं नोकरी करायची तर नाक लागतं." मी वास घेतला. आंबूस होता, जरासा गोड, आणि मागे कुठेतरी कुबट. "कुबट आहे," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "चालेल," आणि माझी मुलाखत संपली.

मुरघास म्हणजे हिरव्या मक्याची बारीक कुट्टी करून, हवा लागणार नाही अशी खड्ड्यात तुडवून, झाकून आंबवलेला चारा. तो आंबवायचं काम जिवाणू करतात, दही लावणाऱ्या जिवाणूंच्या भावकीतले. ते मक्यावर मुळातच असतात, पण भरवशाचे नसतात. म्हणून आमचा कारखाना त्यांतली एक चांगली जात मोठ्या स्टीलच्या टाकीत वाढवी, तिची पावडर करून पाकिटांत भरी, आणि शेतकरी ते कल्चर, म्हणजे मुरघासाचं विरजणच, पाण्यात कालवून कुट्टीवर फवारी. ती जात बाईंनी स्वतः शोधलेली होती, जामखेड तालुक्यातल्याच एका खड्ड्यातून. कौतुकाने त्या तिला "आमची जामखेडची" म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, बाई माहेरच्या कुणा मुलीबद्दल बोलताहेत.

बुटक्या होत्या. साडीवर ॲप्रन, ॲप्रनला दोन मोठे खिसे, पायात रबरी चपला आणि केसांचा असा घट्ट अंबाडा की डोळे जरा ताणलेलेच दिसत. बोलणं शहरातलं होतं, कारण शिक्षण शहरात झालेलं. पण राग आला किंवा समोर शेतकरी आला की जिभेवर जामखेड उतरे. लॅबमध्ये त्या कधी बसत नसत. एक स्टूल होतं, त्यावर वह्या असत.

प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी लावायची त्यांना खोड होती. बाटली, नळी, प्लेट यांवर तर लावायचीच, पण स्वतःच्या डब्यावरही मार्करने लिहिलेलं असे, "मेथी, आजची." भिंतीवरच्या घड्याळाखाली "चार मिनिटं पुढे" आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर "एक पाय आखूड." मी म्हटलं, बाई, चिठ्ठी लावण्यापेक्षा पाय दुरुस्त करून घेऊ. त्या म्हणाल्या, "घ्या की. तोवर बसणाऱ्याला खरं कळू द्या." तो पाय मी सहा महिने दुरुस्त केला नाही, आणि तेवढे सहा महिने ती चिठ्ठी माझ्याकडे बघत राहिली.

"मला वाटतं" हे दोन शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. मालकांनी एकदा मीटिंगमध्ये "मला वाटतं, उन्हाळ्यात कल्चर कमजोर पडतं," असं म्हटलं. बाई उठल्या, लॅबमध्ये गेल्या, उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या प्लेटा घेऊन आल्या आणि मालकांच्या चहाच्या कपाशेजारी मांडल्या. "मोजा," म्हणाल्या. प्लेटवरचे जिवाणूंचे ठिपके मालक खरंच मोजत बसले. दोन्हीकडे सारखेच निघाले. मालक तसे भले गृहस्थ. हसले, पण चहा मात्र गार झाला.

लॅबमध्ये बाईंचं पान हलत नसे ते अंजनाबाईंवाचून. अंजनाबाई जुन्या नागापूर गावात राहायच्या. काचेची भांडी, नळ्या, टाकीचे पाइप धुवायचं काम त्यांच्याकडे. धुण्याची त्यांची तऱ्हा बघण्यासारखी होती: तीनदा साध्या पाण्याने, दोनदा शुद्ध पाण्याने, मग बाटली उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. पाण्याचा थेंब कुठे अडकला तर पुन्हा पहिल्यापासून. बाई त्यांना नावाने आणि एकेरी हाक मारत, त्या बाईंना "बाई" म्हणत, आणि दोघी दिवसभर एकमेकींशी दहा वाक्यंही बोलत नसत. एवढं जमायला मैत्री चांगली मुरलेली लागते.

आणखी एक रिवाज बाईंनीच पाडलेला होता, पहिल्या मुठीचा. आमचं कल्चर वापरलेला खड्डा उघडला की शेतकऱ्याने त्यातली पहिली मूठ फडक्यात बांधून कारखान्यात आणायची. बाई ती हुंगायच्या, चाखायच्या, शेतकऱ्याला चार शब्द सुनवायच्या किंवा शाबासकी द्यायच्या, आणि मूठ खिशात घालून आत न्यायच्या. टाकीशेजारी एक फळी होती, तिच्यावर या मुठी ओळीने मांडलेल्या असत, प्रत्येकीला चिठ्ठी: गाव, नाव, तारीख. बाहेरून पाहुणे आले की बाई टाकी दाखवायच्या आधी फळी दाखवत. आम्हा सगळ्यांनाच त्या फळीचा अभिमान होता. दिवाळीनंतर खड्डे उघडायला लागले की फळीवर जागा उरत नसे.

अशाच एका दिवाळीनंतर टाकी बिघडली.

एरवी टाकीतलं पाणी सकाळी स्वच्छ असे, दुपारपर्यंत जिवाणू वाढून ते ताकासारखं गढूळ होई. त्या दिवशी ते गढूळ होत आलं आणि दुपारी पुन्हा निवळलं. आंबटपणा चढता चढता थांबला. आम्ही टाकी रिकामी केली, वाफेने धुतली, पुन्हा भरली. दुसऱ्यांदाही तेच. दुसऱ्यांदा बिघडल्यावर मालकांनी टाकीवर लिंबू-मिरची बांधली. बाई बौद्ध घरातल्या, असल्या गोष्टींशी त्यांचं कधीच जमलं नाही. पण त्या तत्त्वावर भांडल्या नाहीत. लिंबू सोडून त्यांनी मालकांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "याला चार दिवसांनी बुरशी येईल. बाहेरचा जिन्नस टाकीपाशी नको. फाटकावर बांधा." मालकांनी ते फाटकावर बांधलं. एक हात अंतरावर मुठींनी भरलेली फळी होती, तिच्याकडे आम्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही.

टाकी तिसऱ्यांदा निवळली त्या दिवशी बाई जामखेडला शेतकऱ्यांच्या मेळाव्याला गेल्या होत्या. मालक सैरभैर झाले होते. शिफ्ट सुटताना फाटकात सगळे जमलेले असताना त्यांनी मला विचारलं, "गाडे, काय चुकतंय?" मला काही माहीत नव्हतं. पण सुपरवायझरला "माहीत नाही" म्हणवत नाही. मी म्हणालो, "मला वाटतं, धुण्यात साबण राहत असेल."

सगळ्यांच्या माना अंजनाबाईंकडे वळल्या. त्या डब्याची पिशवी घेऊन उभ्या होत्या. "म्या साबन ठिवीन व्हय, सायेब?" एवढंच बोलल्या. मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तिथेच उभा होतो. माझ्या एका वाक्यावर एका बाईचं काम गेलं आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. धुण्याच्या बेसिनपाशी नवीन बाई बघून थांबल्या. "अंजना कुठाय?"

मी सांगितलं.

"कुनी म्हनलं साबन राहिला?"

जामखेड आलं म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "मी," म्हटलं.

"पाणी आधी गढूळ झालं होतं का नव्हतं?"

"झालं होतं."

"म्हणजे जिवाणू वाढले होते. साबणाने मारायचे असते तर वाढूच दिले असते का? हे वाढले आणि मग मेले. गाडे, तुम्ही टाकीकडे बघितलं नाही. सगळ्यांत जवळ जो गरीब माणूस दिसला त्याच्याकडे बघितलंत."

माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. निवळलेल्या टाकीतलं पाणी त्यांनी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की तिच्यातून जिवाणू पार होत नाही. त्या गाळलेल्या पाण्याचा एक थेंब चांगल्या, वाढत्या जिवाणूंच्या नळीत टाकला. नळी निवळली. त्या नळीतला थेंब पुन्हा गाळून दुसरीत, दुसरीतला तिसरीत. अशा दहा नळ्या. रोज एक-दोन होत. बाई मला मुद्दाम बोलावून दाखवत आणि मी मुकाट्याने बघत असे. दहावी नळीही निवळली.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "साबण थेंबाथेंबाने पातळ होत जातो. दहाव्या नळीपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. हे दहावीतही तेवढंच जोरात आहे. का?"

"कारण ते वाढतंय."

"वाढतंय. म्हणजे जिवंत माणसासारखं काहीतरी खातंय आणि पोरं काढतंय. जिवाणूला होणारा रोग आहे हा. विषाणू. याला फाज म्हणतात. आपल्याला त्याच्यापासून काही होत नाही, म्हशीला होत नाही. याला फक्त आमची जामखेडची लागते." आवाजात शोध लागल्याचा आनंद होता आणि पोटच्या पोरीला आजार निघाल्याची कळवळही होती. असा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

मग तो आला कुठून याचा शोध सुरू झाला. सपाट काचेच्या प्लेटवर जिवाणू पसरून ठेवले की त्यांची पातळ साय धरते. फाज असेल तिथे त्या सायीला गोल, स्वच्छ भोकं पडतात. बाईंनी कारखान्यातली एकेक गोष्ट पाण्याने विसळली, ते पाणी जिवाणूंवर टाकलं आणि प्रत्येकीची वेगळी प्लेट लावली. अंजनाबाईंनी धुऊन कपाटात ठेवलेल्या बाटल्या, नळ, पाइप, टाकीचं झाकण, माझे बूट, मालकांच्या केबिनचं हँडल. कुणालाही सोडलं नाही. "मी संशय घेत नाही, मी सगळ्यांना विचारतेय," असं म्हणत प्लेटांवर चिठ्ठ्या लावत गेल्या.

सकाळी इन्क्युबेटर उघडला तेव्हा मी शेजारी होतो. बाई एकेक प्लेट उजेडात धरून टेबलावर ठेवत होत्या. बाटल्या, साय अखंड. नळ, अखंड. माझे बूट, अखंड; मी श्वास सोडला. मग एक प्लेट त्यांनी धरली ती खाली ठेवलीच नाही. साय अशी विरली होती की भोकं मोजताच येईनात. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात होती: "फळी, पहिल्या मुठी." पुढची उचलली. तिच्यावरही भोकं. "ॲप्रन, उजवा खिसा. माझा."

बाईंनी स्टुलावरच्या वह्या उचलून खाली ठेवल्या आणि त्या स्टुलावर बसल्या. त्यांना लॅबमध्ये बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, खरं तर स्वतःलाच. आमचं कल्चर इतक्या खड्ड्यांत गेलं, की त्या एकाच जातीवर जगणारा फाज त्या खड्ड्यांत पोसला गेला. आणि प्रत्येक खड्ड्यातून मूठभर फाज फडक्यात बांधून, वाजतगाजत, आम्हीच टाकीच्या शेजारी आणून ठेवला. मालकांचं लिंबू उतरवणाऱ्या बाईंनी, स्वतःच्याच खिशातून. "वर्षानुवर्षं," त्या म्हणाल्या. "आणि घरी बसलीय अंजना."

दहा मिनिटांत त्या प्लेटा घेऊन मालकांपुढे उभ्या होत्या. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, सुस्कारा सोडला, आणि म्हणाले, "बाई, कारण सापडलं ना, बास. आता हे आपल्यातच राहू द्या. तुमचं नाव यात कशाला? धुण्याला दुसरी बाई मिळालीच आहे."

"तिचं नाव फाटकात घेतलंत. तिच्या गल्लीत कळलंय. एमआयडीसीत दुसऱ्या कुठल्या दारात ती उभी राहणार? मला काढायचं तर काढा, पण आधी तिचं नाव पुसा."

मालकांनी त्यांना काढलं नाही. बाईंशिवाय टाकी चालू होणार नव्हती हे त्यांना माहीत होतं, आणि बाईंनाही.

माझ्या मोटरसायकलवर मागे बसून बाई जुन्या नागापुरात आल्या. मांडीवर डब्याची पिशवी, तिच्यात नीट बंद केलेल्या दोन प्लेटा. अंजनाबाईंच्या दारात त्यांच्या सासूबाई लसूण सोलत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "आमच्या सुनंनं कंपनीचं लई नुसकान केलं म्हनं?" शेजारच्या दोन बाया उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. साळवेबाईंना तेच हवं होतं. त्या आत गेल्याच नाहीत. अंजनाबाई बाहेर आल्या तशा बाईंनी ओट्यावर प्लेटा मांडल्या.

"ही तू धुतलेल्या बाटलीची. ही माझ्या खिशाची. बघ."

अंजनाबाईंनी सवयीने प्लेट उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. "हिला काय बी झालं न्हाई. आन हिला भोकं पडल्यात."

"भोकं म्हणजे रोग. तो मी आणला. तुझं धुणं चोख होतं. चूक माझी होती आणि काम तुझं गेलं. मी माफी मागायला आलेय."

सासूबाईंचा लसूण थांबला होता. अंजनाबाईंनी प्लेट खाली ठेवली, पदराने हात पुसले, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग तुमाला कुनी काडलं का, बाई?"

बाईंनी ओट्यावरच्या दोन्ही प्लेटा उचलून एकावर एक ठेवल्या. "नाही," म्हणाल्या. "आणि ते बरोबर नाही, हे मला कळतंय."

"येते म्या," अंजनाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "पर ह्यांनी फाटकात बोललं पायजे. जितं बोलले तितंच."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना मी फाटकात बोललो. आधी बाई बोलल्या, प्लेटा दाखवून, सगळी हकीकत, स्वतःच्या खिशासकट. मग मी. माझं भाषण तीन वाक्यांचं होतं आणि तिन्ही अडखळत आली. अंजनाबाई डब्याची पिशवी घेऊन उभ्या होत्या. संपल्यावर मान हलवली आणि घरी गेल्या.

पुढचं काम बाईंनी नेहमीच्या खाक्यात उरकलं. फळी काढली. टाकीसाठी नवीन जात आणली, तिच्या जोडीला आणखी दोन तयार ठेवल्या, आलटूनपालटून वापरायला. "आमची जामखेडची" एका बाटलीत बंद होऊन फ्रीजरच्या तळाशी गेली. मुठी आता फाटकाबाहेरच्या शेडमध्ये बघायच्या. आतल्या दाराशी नवा नेम लागला: गोठ्यावरून, शेतावरून, खड्ड्यावरून आलेल्या माणसाला त्या दिवशी आत प्रवेश नाही, मग तो कुणीही असो. आणि या दाराचा ताबा बाईंनी अंजनाबाईंकडे दिला. प्लेट लावायला, भोकं ओळखायलाही शिकवलं. धुण्याला दुसरी बाई होतीच.

मालकांना हे जरा जास्त वाटलं. "ती अडवेल का कुणाला? मॅनेजर आला, तपासणीवाले आले, तर बाजूला होईल."

बाई म्हणाल्या, "बघू."

त्या निवृत्त होईपर्यंत टाकी पुन्हा निवळली नाही. निरोप समारंभाला त्यांनी नारळ घेतला, शाल परत केली आणि भाषण टाळलं. जामखेडला राहायला गेल्या आणि स्वस्थ बसणं जमेना म्हणून गावोगाव खड्डे बघत फिरू लागल्या. कधीतरी फोन यायचा: "गाडे, पाकिटावर छपाई फिकट येतेय." बस्स, ख्यालीखुशाली वगैरे काही नाही.

वर्षभराने एका सकाळी त्या न सांगता आल्या. फाटकात मीच होतो. मला इतका आनंद झाला की मी त्यांची पिशवी हातात घेऊन थेट आतल्या दाराकडे निघालो. नवीन मशीन आलं होतं, ते दाखवायचं होतं. बाईही झपाझप येत होत्या. दारात अंजनाबाई उभ्या होत्या. दोघी हसल्या. मग अंजनाबाईंनी बाईंच्या साडीच्या काठाकडे बघितलं. काठाला कुट्टी लागलेली होती.

"बाई, खड्ड्यावरनं आलाव का?"

"हो, वाटेतच होता. सरळ तिथूनच."

"मंग आज आत न्हाई."

मी म्हणालो, "अहो अंजनाबाई, ही लॅब यांनी उभी केली!"

"व्हय. नेम बी त्यांनीच केलाय."

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. "हात धुते, ॲप्रन चढवते. मशीन तेवढं बघते." आवाजात विनंती होती, ती खरी होती का परीक्षा होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

अंजनाबाईंचा चेहरा कसनुसा झाला. पण त्या दारातून हलल्या नाहीत. "न्हाई, बाई. उद्या अंगुळ करून या. म्या सोता दावते मशीन."

बाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि त्या वळल्या. वाटेत वॉचमनला थांबवून म्हणाल्या, "मला अडवलं तिनं." चहाच्या टपरीवर चहा घेतला, तिथल्या माणसाला सांगितलं. मी रिक्षा बोलावली. रिक्षा सुटली तरी त्या बाहेर वाकून दाराकडे बघत होत्या आणि रिक्षावाल्याला सांगत होत्या, "मला आत घेतलं नाही तिनं, मला!" इतक्या आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.